सोंग बदललेला मारिओ

जत्रेत, आठवडी बाजारात, एस.टी. स्टँडसमोरच्या खेळण्यांच्या दुकानात आता तळहातावर मावेल असा एक डबा मिळतो. वर छोटा रंगीत पडदा, डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या खुणेसारखं बटण, उजवीकडं गोल बटणं. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘४०० इन १’, म्हणजे एका डब्यात चारशे खेळ. मागचं झाकण काढलं तर बहुतेक डब्यांत आपल्या जुन्या नोकिया ११०० ला लागायची तीच बॅटरी. पोरं ह्याला नुसतं ‘गेम’ म्हणतात.

नातवाच्या हट्टानं असा एक डबा आमच्या घरात आला. त्यातल्या एका खेळात उभ्या कानांचं पिवळं जनावर विटांवर डोकं आपटत, खड्ड्यांवरून उड्या मारत पळत होतं. धाकटा मुलगा मागं उभा राहून बघत होता. म्हणाला, “आप्पा, हे आपल्या जुन्या टीव्ही गेममधलंच हाय की. मारिओच हा. नुसतं सोंग बदललंय.”

बरोबर बोलला पोरगा. गल्लीत पोलिसाच्या ड्रेसात बहुरूपी येतो, दमदाटी करतो, तरी चालीवरून म्हातारी माणसं त्याला ओळखतात. तसंच हे. ह्या सोंगामागची हकिकत गोळा करायला लागलो तर ती जपान, तैवान, रशिया, चीन असं करत लांबवर गेली, आणि शेवटी खुद्द मारिओच्याच दारात येऊन थांबली.

जपानमधल्या निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ ला ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. टीव्हीला जोडायचं, वरून खेळाची कॅसेट खोचायची. मासायुकी उएमुरा ह्या इंजिनिअरनं ते घडवलं. किंमत १४,८०० येन. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९८५ मध्ये, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ आला आणि जगभर गाजला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका ही त्याच्यामागची मुख्य माणसं. सगळा खेळ मिळून ४० किलोबाइटचा. आज लग्नाच्या पत्रिकेचा एक फोटो व्हॉट्सअॅपवर येतो, तो ह्याच्यापेक्षा मोठा असतो.

सोंग कसं बदलतं ते कळायला त्या ४० किलोबाइटची वाटणी बघावी लागते. कॅसेटच्या आत दोन वेगळ्या चिप. एकीत ३२ किलोबाइटचा हुकूमनामा: गडी किती उंच उडेल, कुठं मरेल, कुठं नाणं मिळेल. दुसरीत ८ किलोबाइटची चित्रं. आणि चित्र म्हणजे आपल्या बायका ठिपक्यांची रांगोळी काढतात तसलीच करामत. आठ ठिपके आडवे, आठ उभे, असा एक तुकडा. छोटा मारिओ असे चार तुकडे जोडून उभा राहतो, मोठा मारिओ आठ तुकड्यांचा. रंग तीनच, जिथं रंग नाही तिथून मागचं दिसतं.

आता कुणी पहिल्या चिपला हात न लावता फक्त दुसरीतले ते चार-आठ तुकडे नव्यानं रंगवले तर? टोपीच्या जागी कान, मिशीच्या जागी चोच. यंत्राला काही पत्ता लागत नाही. ते आपलं जुन्याच हुकमानं गडी पळवतं. म्हणून अशा खेळात एक गंमत दिसते. चित्र बारीक काढलेलं असलं तर शत्रू अंगाला लागायच्या आधीच गडी मरतो. कारण हुकूमनाम्यात मूळ गड्याचंच अंग धरलेलं असतं. दुसऱ्याचा सदरा ढगळ होतो, तसं.

पण नुसत्या खेळाची नक्कल करून भागत नाही, आधी यंत्राची करावी लागते. ते तैवानमध्ये झालं. तिथं ‘मायक्रो जीनियस’सारखी यंत्रं निघाली, जी जपानी कॅसेट बिनबोभाट चालवायची. अमेरिकेत विकलेल्या यंत्रात निन्टेन्डोनं परवान्याची कॅसेट ओळखणारी कुलपाची चिप घातली होती. जपानच्या मूळ यंत्रात ती नव्हती, म्हणून नक्कल करणारांनी जपानी यंत्रच धरलं. पुढं सगळं यंत्र एका चिपमध्ये कोंबलं गेलं, आणि ती चिप झाकायला वर काळ्या डांबरासारखा एक ठिपका ओतलेला. माझ्या पुतण्याचं तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं डबा उघडून तो ठिपका दाखवला. त्यावर नाव नाही, नंबर नाही, गाव नाही.

रशियात सोव्हिएत राज्य मोडल्यावर डिसेंबर १९९२ मध्ये ‘डेंडी’ नावानं हेच तैवानी यंत्र विकायला आलं. तिथल्या पोरांना टीव्ही गेम म्हणजे डेंडीच. चीनमध्ये ‘सुबोर’ नावाच्या यंत्राला कीबोर्ड जोडला आणि अभ्यासाचं यंत्र म्हणून विकलं. जाहिरातीत जॅकी चॅन. आईबापांनी अभ्यासासाठी पैसे मोजले, पोरं रात्रभर खेळत बसली. ह्या धंद्याचा कारभार बघणारा दुआन योंगपिंग १९९५ मध्ये तिथून बाहेर पडला आणि त्यानं दुसरी कंपनी काढली. ओप्पो आणि विवो हे फोन त्याच घराण्यातले. कोरोनात आमच्या वाडीतली निम्मी शाळा ज्या फोनवर भरली, त्याचं मूळ असं ह्या नकली खेळाच्या गल्लीतून जातं.

आपल्याकडं हा माल नव्वदच्या दशकात आला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, दिल्लीत पालिका बाजार, आणि तिथून तालुक्या-तालुक्याला. आमच्या घरात कांद्याच्या पट्टीतून आला. पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं. इतके खेळ बघायला सात जन्म पुरायचे नाहीत! प्रत्यक्षात खेळ मूठभर, तेच पुन्हा पुन्हा, कुठं तिसऱ्या टप्प्यापासून सुरू, कुठं जीव जास्त दिलेले. तरी पोरांची तक्रार नव्हती. कॅसेट चालेना की काढून फुंकर मारायची, परत खोचायची. अॅडॉप्टर इतका तापायचा की त्यावर भाकर शेकावी. आणि त्या मारिओत खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. भारनियमनाची वेळ झाली की सातव्या टप्प्यावर पोचलेलं पोरगं परत पहिल्या विटेपाशी. तेव्हा पोरांनी वीज मंडळाला दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

नावं बदलायचं काम तर पोरंही करायची. तालुक्याच्या गेम पार्लरमध्ये कॅपकॉम कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा १९९३ चा खेळ असायचा. त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा. आपल्या देशभर तो खेळ ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. खरं नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही.

तर सोंगांकडं येतो. त्या यंत्रावर निन्टेन्डोनं मारिओचा तिसरा भाग १९८८ मध्ये काढला आणि तिथंच मोजणी थांबवली. पण बाजारात मागणी मारिओची. मग नक्कलवाल्यांनी मोजणी पुढं नेली. कोनामी कंपनीचा ‘टायनी टून’ कार्टूनवरचा खेळ घेतला, गड्याचं तोंड बदललं, झाला ‘मारिओ ६’. एका जपानी निंजा पोराचा खेळ घेतला, झाला ‘मारिओ १४’. दगडी युगातल्या फ्लिंटस्टोन कार्टूनवर तैतो कंपनीचा खेळ होता. त्यातल्या फ्रेडच्या धडावर मारिओचं डोकं बसवलं आणि पहिल्या पडद्यावर लिहिलं ‘७ ग्रँड डॅड’. सात आजोबा! ह्याचा अर्थ लावत बसायचं कारण नाही, लिहिणाराला इंग्रजी येत नव्हतं इतकंच. आणि मारिओ बिचारा आदिमानवांच्या गर्दीत गदा घेऊन हिंडतोय.

ह्या सगळ्यांत मला मानावासा वाटतो तो १९९४ चा तैवानी ‘सोमारी’. सोनिक नावाचा निळा पळणारा गडी हा सेगा कंपनीचा. सेगा आणि निन्टेन्डो म्हणजे त्या काळी दोन तालमी, एकमेकींच्या फडात पाय न ठेवणाऱ्या. तैवानच्या कारागिरांनी सोनिकचा खेळ निन्टेन्डोच्या दुबळ्या यंत्रावर नव्यानं बांधला आणि त्यात पळायला मारिओला उभं केलं. हे नुसतं तोंड रंगवणं नव्हतं. बैलगाडीला मोटारीचं गिअर बसवण्यासारखं काम होतं. चोरी तर होतीच, दोन घरांतली एकदम. पण त्या चोराला सुतारकाम येत होतं.

चोरी म्हणावी की नाही ह्यावर कायदा स्पष्ट आहे, पण त्यात एक फट आहे. यंत्रावरचं पेटंट वीस वर्षांत संपतं. त्यामुळं १९८३ च्या यंत्रासारखं यंत्र आज कुणीही बनवावं. खेळावरचा हक्क मात्र कितीतरी जास्त काळ टिकतो, तो अजून जिवंत आहे. म्हणजे डबा कायदेशीर आणि आतला माल बेकायदा, असा हा मामला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका माणसानं मॉलमध्ये ७६ खेळांचा असाच डबा विकला, त्याला २००५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. आपल्या बाजारात तो डबा शेंगदाण्याच्या गाड्याशेजारी उघड्यावर असतो.

नक्कलवाल्यांची एक गोष्ट मला खटकते. तोंड बदललं तर बदललं, पण पहिल्या पडद्यावर खाली मूळ कंपनीचं नाव आणि साल असतं, तेही ते पुसतात. आम्हा शेतकऱ्यांना ह्याचा अर्थ लगेच कळतो. बांध कोरणारा एक वेळ परवडला, सातबाऱ्यावरचं नाव उडवणारा नाही. पण हेही खरं की त्या काळी जपानी कंपन्याही आपल्या कारागिरांची खरी नावं खेळात येऊ देत नसत. दुसऱ्या कंपनीनं माणूस पळवू नये म्हणून. खेळाच्या शेवटी टोपणनावं यायची. म्हणजे नाव पुसायचा धडा मूळ घरातही गिरवला गेला होता.

आणि मूळ घर तरी किती मूळ? मारिओ पहिल्यांदा दिसला तो १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये. निन्टेन्डोचं ‘रडार स्कोप’ नावाचं खेळाचं कपाट अमेरिकेत खपेना, तीन हजारांतली दोनेक हजार कपाटं पडून राहिली. त्याच कपाटांत नवा खेळ घालायचं ठरलं. आधी बेत होता पॉपाय ह्या कार्टूनचा खेळ करायचा. पॉपायचा परवाना तेव्हा मिळाला नाही. मग पॉपायच्या जागी एक सुतार उभा केला, धटिंगण ब्लुटोच्या जागी माकड. तो सुतार म्हणजे पुढचा मारिओ. ठिपके कमी होते म्हणून केस काढायच्या ऐवजी टोपी, नाक उठून दिसावं म्हणून मिशी, हे मियामोतोनं स्वतःच सांगितलेलं आहे. माकडावरून हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीनं १९८२ मध्ये खटला भरला की हा आमचा किंग काँग. निन्टेन्डो जिंकली, कारण युनिव्हर्सलनंच आधी एका दाव्यात म्हटलं होतं की किंग काँगवर कुणाचा हक्क उरलेला नाही.

ह्याहून पुढची गोष्ट १९८८ ची. जपानमध्ये निघालेला मारिओचा दुसरा भाग अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला फार अवघड जाईल असं कंपनीला वाटलं. मग तिनं १९८७ चा आपलाच दुसरा एक खेळ काढला, ‘डोकी डोकी पॅनिक’. फुजी टीव्हीच्या एका उत्सवासाठी केलेला, अरबी वेषातल्या कुटुंबाचा. त्यातले चार गडी उचलले, त्या जागी मारिओ, लुइजी, राजकन्या आणि टोड बसवले, आणि अमेरिकेत विकला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून. जे काम मारिओ ६ आणि १४ वाल्यांनी केलं, तेच हे. फरक इतकाच की इथं दोन्ही सातबारे एकाच्याच नावावर होते. माझ्या मते हा फरक लहान नाही. स्वतःच्या वावरात ज्वारी मोडून हरभरा पेरणारा आणि दुसऱ्याच्या वावरात नांगर घालणारा, दोघांचा नांगर एकच असला तरी गुन्हा एकाचाच. पण मारिओ अस्सल आणि बाकी सगळी सोंगं, असं कुणी सांगायला लागलं तर मी ऐकून घेणार नाही.

त्या खेळात जमिनीतून भाज्या उपटून शत्रूला फेकून मारायच्या असतात. मुळा, सलगम, जे हाताला येईल ते. आमच्या नातवाला तोच खेळ जास्त आवडतो, कारण त्याला मुळा उपटता येतो. मूळ खेळातले तोंड झाकलेले छोटे शत्रू मारिओच्या घराण्यात कायमचे राहून गेले, पुढच्या कितीतरी खेळांत आले. पण ज्यांचा तो खेळ होता ती चार माणसं, इमाजिन, लीना, आई आणि बाप, त्यांची जागा गेली ती गेलीच.