संगणक कमी का सांगतो?

नांदेडहून आलेला रस्ता वारंगा फाट्यावर हिंगोलीकडे आणि हदगावकडे फुटतो. तिथल्या एका शाळेत आम्ही मुलांबरोबर एक जुना संगणक पाहत होतो. पावतीवर स्मृती ४ जीबी आणि वेग २.४ गिगाहर्ट्‌झ. पडद्यावर मात्र ३.२५ आणि १.२! "दुकानदाराने फसवलं," मुलांनी निकाल दिला. निकालाआधी थोडा इतिहास पाहू.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यातल्या इंटेल ८०८८ प्रोसेसरला पत्ता सांगणाऱ्या २० तारा होत्या. प्रत्येक तारेवर ० किंवा १. म्हणून एकूण पत्ते २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६. ते सगळे प्रोग्रॅमच्या वाट्याला आले नाहीत. ६४० केबी प्रोग्रॅमसाठी ठेवून उरलेले ३८४ केबी पत्ते पडदा, रॉम अशा भागांसाठी राखले गेले.

१९८५ च्या ८०३८६ मध्ये पत्ता ३२ अंकी झाला आणि पत्त्यांची संख्या ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे ४ जीबी झाली. तेव्हा ती अफाट वाटली. पुढे साध्या संगणकांतही ४ जीबी स्मृती बसू लागली आणि जुनीच अडचण पुन्हा उभी राहिली. गावातले काही घरक्रमांक आधीच शाळेला, चावडीला दिले, तर तितकी घरे क्रमांकाविना राहतात. घर असूनही पोस्टमन तिथे पोचत नाही. तसेच ग्राफिक्स कार्ड वगैरेंनी पत्ते घेतले आणि तेवढी स्मृती बिनपत्त्याची राहिली. २००३ पासून ६४ बिटांचे प्रोसेसर साध्या संगणकांत येऊ लागले, तेव्हा ही कोंडी सुटू लागली.

वेगाची गोष्ट निराळी. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून काम नसताना दोन्ही कमी करणे फायद्याचे. इंटेलने २००० मध्ये लॅपटॉपसाठी 'स्पीडस्टेप' हे तंत्र आणले. पुढे ते टेबलावरच्या संगणकांतही आले. रिकामा बैल कोणी पळवत नाही, तसेच हे.

मग आम्ही पडताळा घेतला. वीज बंद करून पेटी उघडली: २ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. मोठी आकडेमोड चालू ठेवून वेग पुन्हा पाहिला: २.४! दुकानदार निर्दोष सुटला.

पडताळ्यात आकडे जुळले नसते, तर मात्र पावती घेऊन दुकान गाठायलाच हवे होते. आधी पडताळा, मग आरोप. हा धडा संगणकापुरता नाही.