तंबोरा : मिरजेचा आणि तंजावरचा

नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूस येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना चामराजपेठेतील रामनवमीच्या संगीतोत्सवात एक गोष्ट प्रथमच जाणवते. गायकाच्या पाठीशी वाजणारा तंबोरा आमच्या ओळखीचा नसतो. खुंट्या चार, तारा चार, जुळणीही पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्ज अशीच. तथापि त्याची अंगकाठी निराळी आणि नादही निराळा.

हा भेद मुळात द्रव्याचा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचा खालचा घट म्हणजे वाळविलेला भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकाठच्या कोरड्या रानात तो पिकतो. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि लांब, पोकळ दांडी बसविलेली असते. तंजावरच्या तंबोऱ्यास भोपळा नाही. फणसाचे लाकूड कोरूनच त्याचा घट काढतात. दांडीही काहीशी बारीक असते. ज्या मुलुखात जे उत्तम मिळाले, ते कारागिराने हाती धरले.

परिणाम कानांस सहज कळतो. भोपळ्याचा नाद भरदार असतो आणि रेंगाळतो. विलंबित ख्यालातील एकेका स्वरावर ठेहराव करणाऱ्या गवयास तो आधार होतो. फणसाच्या घटाचा नाद आटोपशीर व नेटका. व्हायोलिन व मृदंगाच्या संगतीत चालणाऱ्या कृतिगायनात तो कोणाच्या वाटेत येत नाही. स्पेनमध्येही असाच प्रकार आहे. तेथे नृत्याच्या साथीची फ्लामेंको गिटार परंपरेने हलक्या सुरूच्या लाकडाची करतात; तिचा नाद चटकन उमटतो आणि चटकन विरतो. मैफलीच्या गिटारीस शिसवीसारखे जड लाकूड लागते, कारण तेथे स्वर टिकावा लागतो. वाद्याची घडण अखेर गाणेच ठरविते.

आम्हांस विशेष वाटते ते हे, की या दोन्ही पेठा मराठी राजांच्या छत्राखाली नांदल्या. शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे बंगळुरू. येथूनच व्यंकोजीराजे १६७५-७६च्या सुमारास तंजावरास गेले, आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे ते राज्य संगीताचे माहेर बनून राहिले. इकडे मिरजेस पटवर्धनांच्या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या शिकलगाराने तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, अशी तेथील परंपरा सांगते. लढाया सरल्या, तलवारींस धार लावण्याचे काम उरले नाही; तो हात सतार-तंबोऱ्यांकडे वळला.

या दोन प्रांतांत ये-जा करणारा थोर गवई म्हणजे अब्दुल करीम खाँ. मिरजेस घर केलेल्या खाँसाहेबांना म्हैसूर दरबारी मान होता; त्यागराजांची कृतीही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. १९३७ च्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या प्रवासातच सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर त्यांचा अंत झाला. दफन मात्र मिरजेस झाले.

आता पुढचा प्रश्न बिकट आहे. १९७९ साली याच बंगळुरूत राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. फिरतीच्या गवयाची त्याने मोठी सोय केली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कारागिराचे पोट सोयीवर भरत नाही. घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी काढणे, तारेखाली सुताचा धागा सरकवीत नादाचे मर्म शोधणे, ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मधली एक पिढी चुकली, तर ती पुस्तकातून परत मिळत नाही. तंजावरच्या वीणेस २०१३ मध्ये व मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. हा सन्मान उचित आहे. पण मानांकनाने गिऱ्हाईक येत नाही.

बदलीच्या गावी बिऱ्हाड हलविताना तंबोरा ही अडचणच, हे आम्हीही जाणतो. तरीही ज्या घरी मुले गाणे शिकत आहेत, तेथे एक खरा तंबोरा असावा. तो मिरजेचा असो की तंजावरचा. तारा स्वतः जुळविल्यावाचून कान तयार होत नाही.