नौका आणि कोठार

जगाचा अंत जवळ आला आहे, ही भीति मानवजातीस मधूनमधून होत आलेली आहे. आणि ज्या ज्या वेळीं ती झाली, त्या त्या वेळीं वांचण्याचे उपायही लोकांनीं शोधून काढले आहेत. भाकित खोटें ठरलें म्हणजे पुढील पिढी त्यास हंसते आणि विषय तेथेंच संपतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें तो तेथें संपवूं नये. भाकित खोटें असलें, तरी त्याच्या भयानें माणसांनीं जें केलें तें खरेंच असतें. आणि संकटसमयीं आपल्याबरोबर कोणास घ्यावें व कोणास सोडावें, याविषयींची समाजाची खरी समजूत अशा वेळीं जितकी उघडी पडते, तितकी सुखाच्या काळांत क्वचितच पडते.

या उपायांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतां येतील. पहिला नौकेचा: थोड्यांनीं आंत बसावें, दार लावून घ्यावें आणि बाहेर काय होईल तें होवो. दुसरा कोठाराचा: जें सांठविलें असेल तें सर्वांस पुरवावें. हे दोन उपाय इतिहासांत कसे उतरले, हें पाहाण्याचा या लेखाचा हेतु आहे.

नौकेची कल्पना अतिप्राचीन आहे. शतपथब्राह्मणांत मत्स्यानें सूचना दिल्यावरून मनूनें नौका सिद्ध केली व ती मत्स्याच्या शिंगास बांधून तो उत्तरेकडील पर्वतास पोंचला. बायबलांतील नोहाची कथा सर्वश्रुत आहे. १८७२ सालीं जॉर्ज स्मिथ यानें लंडन येथें प्राचीन मेसोपोटेमियाच्या मृत्तिकाफलकावरील जलप्रलयाची कथा वाचून दाखविली, तेव्हां याच जातीची नौका तेथेंही तरंगत होती, असें विद्वानांस कळून आलें. या सर्व कथांत दैवी सूचना एकाकडेच येते. जे बुडाले त्यांच्याविषयीं कथा फार थोडें बोलते.

या कथेचा ऐतिहासिक प्रयोग युरोपांत १५२४ सालीं झाला. योहान स्टॉफ्लर व याकोब फ्लाउम या जर्मन ज्योतिष्यांनीं १४९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पंचांगांत, १५२४ च्या फेब्रुवारींत मीन राशींत ग्रहांच्या अनेक युति होऊन जगांत मोठी उलथापालथ होईल, असें लिहिलें होतें. मीन ही जलराशि. तेव्हां पुढील लेखकांनीं उलथापालथीचा जलप्रलय केला. मुद्रणकला नुकतीच पसरली असल्यामुळें या एका विषयावर शंभराहून अधिक पुस्तिका निघाल्या. आगोस्तीनो नीफो या इटालियन तत्त्वज्ञानें प्रलयाचें भाकित खोटें आहे असें प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला, तरी भय हटलें नाहीं. फ्रान्समधील तुलूझ येथील ओरिओल नांवाच्या एका पंडितानें तर स्वतःसाठीं नौकाच बांधविली, असें सांगतात. फेब्रुवारी आला आणि गेला. पृथ्वी बुडाली नाहीं. मात्र त्याच वर्षीं जर्मनींत शेतकऱ्यांचें बंड पेटलें आणि पुढील वर्षीं सरदारांच्या सैन्यांनीं हजारों शेतकऱ्यांची कत्तल करून तें मोडलें. या संकटावर नौका हा उपाय नव्हता. वेठ आणि कर कमी करणें, हा होता.

१९१० सालीं हीच गोष्ट विज्ञानाच्या भाषेंत घडली. हॅलेच्या धूमकेतूंत सायनोजन हा विषारी वायु असल्याचें अमेरिकेंतील यर्क्स वेधशाळेनें जाहीर केलें, आणि १८-१९ मेच्या सुमारास पृथ्वी धूमकेतूच्या पुच्छांतून जाणार असें गणितानें ठरलें. त्या वायूनें सर्व जीवसृष्टि गुदमरेल, असें मत फ्रेंच ज्योतिर्विद फ्लामारियाँ याच्या नांवावर वृत्तपत्रांत छापून आलें. पुच्छ अत्यंत विरळ असल्यामुळें अपाय संभवत नाहीं, असें इतर शास्त्रज्ञ सांगत होते. तरी कित्येकांनीं दारांच्या कुलपांचीं छिद्रें कागदानें बुजविलीं आणि धूमकेतूवरील गोळ्या विकून कांहीं चतुर लोकांनीं पैसा केला. पृथ्वी सुखरूप राहिली.

हवेंतून येणारी खरी आपत्ति आठ वर्षांनीं आली, आणि तिचें भाकित कोणीं केलें नव्हतें. १९१८ च्या जूनमध्यें इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरांत उतरला. त्या वर्षीं पावसानेंही दगा दिला. हिंदुस्थानांत एक कोटीहून पुष्कळ अधिक माणसें मेलीं. नियमित शिरगणती सुरू झाल्यापासून ज्यांत लोकसंख्या घटली असें १९११ ते १९२१ हें एकच दशक आहे. मुंबई शहरांत हजारीं मृत्यूंचें प्रमाण युरोपीय लोकांत ८ च्या आसपास, तर कनिष्ठ मानल्या गेलेल्या हिंदु जातींत ६१ च्या वर होतें. रोग एकच होता. ऐसपैस घर, अन्न आणि शुश्रूषा हीं सर्वांस सारखीं नव्हतीं. यावरून दिसून येईल कीं, प्रलय सर्वांवर सारखा कोसळतो ही समजूत मूळांतच चुकीची आहे.

यानंतर मनुष्यानें प्रलय स्वतःच्याच हातीं घेतला. १९६१ च्या जुलैंत अध्यक्ष केनेडी यांनीं अणुयुद्धापासून बचावासाठीं आश्रयस्थानें सिद्ध करण्याचें आवाहन केलें, आणि अमेरिकेंत घरोघर तळघरांची चर्चा सुरू झाली. त्याबरोबर एक भयंकर प्रश्न उभा राहिला: आयत्या वेळीं शेजारी दारावर आला, तर त्यास गोळी घालावी काय? मॅकह्यू या जेझुइट पाद्र्यानें त्याच वर्षीं एका धर्मपर साप्ताहिकांत, आंत घुसूं पाहाणाऱ्यास बळानें रोखणें न्याय्य होय, असा अभिप्राय दिला. आपलीं मुलें वांचवूं पाहाणाऱ्या बापास दोष देण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु शेजाऱ्यावर बंदूक रोखणें हें धर्मविचारांत बसवावें लागावें, अशी परिस्थिति कां आली, हें विचारणें भाग आहे. कारण उघड आहे. ज्याचें त्यानें खणावें असें ठरलें, कीं शेजारी हाच शत्रु होतो. स्वित्झर्लंडनें १९६३ च्या कायद्यानें इमारतींबरोबर आश्रयस्थानें बांधणें आवश्यक केलें, आणि प्रत्येक रहिवाशास जागा मिळावी असें धोरण ठेविलें. तेथें हा प्रश्न त्या रूपांत उद्भवण्याचें कारणच उरलें नाहीं.

आपल्याकडे १९६२ च्या फेब्रुवारींत मकर राशींत अष्टग्रही आली, आणि जगाचा अंत टळावा म्हणून ठिकठिकाणीं यज्ञयाग झाले. ग्रह आपापल्या वाटेनें निघून गेले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत चीननें आपल्या सीमेवर आक्रमण केलें, आणि त्याच महिन्यांत क्यूबाच्या प्रकरणानें जग अणुयुद्धाच्या कडेला येऊन उभें राहिलें. दोन्ही ठिकाणीं प्रश्न माणसांचे होते, ग्रहांचे नव्हते.

आतां कोठाराचा मार्ग पाहूं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें रयतेस खुलीं केलीं, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर माहीत आहे. आख्यायिकेंत त्या धान्याची किंमत विठोबा भरतो. इतिहासांत ती कोणी तरी हिशेबानें भरावी लागते. १८७६-७८ च्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची स्थिति सरकारपुढें मांडली. पुढें दुष्काळ-आयोग बसला व १८८० च्या सुमारास मदतीचे नियम आंखले गेले. १९७२ सालीं महाराष्ट्रांत पुन्हां घोर अवर्षण पडलें. रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणें अशा दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. हाल अपार झाले. परंतु पूर्वीप्रमाणें भुकेनें लाखों माणसें मेलीं नाहींत. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनीं आकारास आलेली रोजगार हमी योजना पुढें १९७७ च्या कायद्यानें पक्की झाली. मागेल त्यास काम, हें तत्त्व म्हणजे दामाजीपंतांच्या कोठाराचें कायदेशीर रूपच होय.

आज अमेरिकेंत क्षेपणास्त्रांचीं जुनीं भुयारें घेऊन त्यांत धनिकांसाठीं घरें बांधण्यांत आलीं आहेत. नौकेचा मोह सुटलेला नाहीं. अशा वेळीं महाभारतांतील मत्स्यकथेंतला एक तपशील ध्यानांत ठेवावा. तेथें मनूस सप्तर्षींबरोबर सर्व प्रकारचीं बीजेंही नौकेंत घ्यावयास सांगितलें आहे. लेनिनग्राडच्या वेढ्यांत, १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत, वाविलोव्हच्या संस्थेंतील कित्येक संशोधक उपासमारीनें मेले. पण संग्रहांतील धान्याचीं बियाणें त्यांनीं खाल्लीं नाहींत. २००८ सालीं उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड बेटावर जगांतील बियाण्यांचें भांडार उघडलें गेलें, आणि २०१५ सालीं सीरियांतील युद्धामुळें अलेप्पोचा बीजसंग्रह हाताबाहेर गेला, तेव्हां त्यांतून बियाणें प्रथमच परत काढावें लागलें. लेनिनग्राडच्या संशोधकांपुढें प्रलय काल्पनिक नव्हता. बियाणें खाऊन त्यांस स्वतःपुरती नौका करतां आली असती. त्यांनीं कोठार राखलें, आणि त्या कोठारांतलें धान्य ज्यांच्यासाठीं होतें ते लोक अद्याप जन्मासही आले नव्हते.