फोटो खरा, इंजिन खोटं!

आजचा भाग एका छोट्या इंजिनाचा आहे. छोटं म्हणजे अगदी हातभर, खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याचं. माझ्या मामाच्या कपाटातलं 'फ्लाइंग स्कॉट्समन'.

मामा रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाला. हे मॉडेल त्याच्याकडे कित्येक वर्षं आहे. रंगाचे टवके उडालेत, नंबर अर्धा पुसलाय. यंदा त्याने ठरवलं, जुना रंग खरवडून नवा द्यायचा. मला म्हणाला, "दिवसभर फोन हातात असतो ना तुझ्या? मग एक चांगला फोटो शोधून दे."

मी दोन मिनिटांत पाठवला. चकचकीत हिरवं इंजिन, केबिनवर ४४७२, सगळं स्पष्ट. पाचव्या मिनिटाला मामाचा फोन. "फोटो खरा आहे रे, पण त्यातलं इंजिन खोटं आहे!"

म्हणजे काय? तर ऐका.

हे इंजिन १९२३ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्यात तयार झालं. डिझाइन नायजेल ग्रेझली यांचं, मालक लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे. तेव्हा नंबर होता १४७२, आणि नाव नव्हतंच. १९२४ मध्ये ते वेम्ब्लीच्या प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा ते ४४७२ आणि 'फ्लाइंग स्कॉट्समन' झालं. रंग कच्च्या सफरचंदासारखा हिरवा, त्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा.

पुढे युद्ध आलं आणि इंजिन काळं झालं. १९४६ मध्ये नंबर बदलून ५०२ झाला, त्याच वर्षी पुन्हा बदलून १०३. मग रेल्वे सरकारी झाली, नंबर ६०१०३. १९४९ मध्ये निळा रंग. काही वर्षांनी परत हिरवा, पण हा हिरवा वेगळा, गडद, आणि त्यावर नारिंगी-काळ्या रेघा.

रंगाबरोबर अंगही बदललं बरं का. १९५८-५९ च्या हिवाळ्यात साधं धुराडं काढून लांबट जोड-धुराडं बसवलं. त्याने इंजिन चांगलं चालायला लागलं, पण धूर जोरात वर जाईना. तो खाली रेंगाळायचा आणि ड्रायव्हरला समोरचं दिसायचं नाही. म्हणून १९६१ मध्ये पुढच्या दोन्ही बाजूंना धूर वर ढकलणारे पत्रे लावले. १९६३ मध्ये इंजिन निवृत्त झालं, खासगी मालकाने विकत घेतलं आणि पुन्हा जुन्या हिरव्या रंगात आणलं.

आता माझा फोटो आठवा. सफरचंदी हिरवा, ४४७२, जोड-धुराडं, बाजूला पत्रे. हा रंग आणि हे पत्रे रोजच्या नोकरीत कधी एकत्र आलेच नव्हते! ही जोडी २००० नंतरच्या काही वर्षांतली, इंजिन हौशी प्रवाशांच्या गाड्या ओढायचं तेव्हाची. मामाच्या मॉडेलला साधं धुराडं आहे. मी पाठवलेल्या फोटोवरून रंगवलं असतं, तर नंबर कुठे, रेघा कुठे, सगळं भलत्याच काळातलं झालं असतं. आणि जुना रंग एकदा खरवडला की परत येत नाही.

मामाचा पहिला प्रश्न रंगाचा नव्हताच. तो म्हणाला, "आधी तारीख ठरव." त्याने ठरवली १ मे १९२८. त्या दिवशी हे इंजिन लंडनहून निघून मध्ये कुठेही न थांबता एडिनबरोला पोचलं. जवळपास ६३० किलोमीटर! एका टोळीला इतकं काम झेपणार कसं? म्हणून टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीत, माणूस कसाबसा जाईल एवढी बोळ ठेवली होती. अर्ध्या वाटेवर दुसरा ड्रायव्हर आणि फायरमन डब्यातून त्या बोळीने पुढे यायचे. मामाच्या मॉडेलला तेच टेंडर आहे. त्याला ते इंजिनापेक्षा लाडकं.

मग मी शोधायला बसलो, आणि एकामागून एक सापळे.

पहिला सापळा नावाचा. लंडनहून सकाळी दहाला सुटणाऱ्या गाडीचंही नाव फ्लाइंग स्कॉट्समनच. ती गाडी वेगवेगळी इंजिनं ओढायची. त्यामुळे नाव टाकून शोधलं की भलतीच इंजिनं समोर येतात.

दुसरा सापळा काळ्या-पांढऱ्या फोटोंचा. त्या काळातल्या पुष्कळ फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. इंजिनाच्या पुढची आडवी लाल पट्टी, जिच्यावर बफर असतात, ती फोटोत काळी दिसते. म्हणजे करड्या छटेवरून रंग ओळखायला गेलात की फसलात.

तिसरा सापळा तर मला गंमतच वाटली. ब्रिटनमधले कारखाने नवं इंजिन अनेकदा फक्त फोटोसाठी करड्या रंगात रंगवायचे, म्हणजे बारकावे स्पष्ट दिसावेत. फोटो झाला की मग खरा रंग!

आणि रंगीत फोटो? जुन्या छपाईचे रंग उडतात, कुठे पिवळे पडतात, कुठे लालसर. वर आपल्या फोनची स्क्रीन प्रत्येकाची वेगळी.

मग करायचं काय? मामाची पद्धत अशी. काळ्या-पांढऱ्या फोटोला रंग विचारायचाच नाही. त्याला विचारायचं, नंबर टेंडरवर आहे की केबिनवर? धुराडं कुठलं? रेघ कुठे वळते? पुढच्या गोल दारावर नंबराची पाटी आहे का? असेल तर फोटो रेल्वे सरकारी झाल्यानंतरचा. रंगाची छटा मात्र दुसरीकडून घ्यायची, जुन्या कंपन्यांच्या रंगांशी जुळवून मॉडेलवाल्यांसाठी बनवलेल्या डब्यांतून. आणि एका फोटोवर कधीच विसंबायचं नाही. डॉनकास्टर कारखान्याचे जुने अधिकृत फोटो यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमच्या संग्रहात आहेत, शोध तिथून सुरू केलेला बरा. २००४ पासून खरं इंजिनही त्याच म्युझियमचं आहे.

त्याच इंजिनाचा एक किस्सा सांगतो. २०११ मध्ये दुरुस्ती चालू असताना ते युद्धकाळातल्या काळ्या रंगात लोकांसमोर आणलं. एका बाजूला नंबर ५०२, दुसऱ्या बाजूला १०३! एकाच बाजूचा फोटो पाहणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळणार. २०१६ मध्ये ते पुन्हा धावलं ते गडद हिरव्या रंगात, ६०१०३ नंबर घेऊन. जोड-धुराडं आणि पत्रे अंगावर असताना तोच रंग शोभतो.

मामाचं मॉडेल आता तयार होतंय. हिरव्याचे दोन हात झालेत, रेघा बाकी आहेत. हात थोडा थरथरतो त्याचा, म्हणून भिंग लावून, सकाळच्या उजेडात, रोज एकच रेघ.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी स्टेशनवर एखाद्या इंजिनाचा फोटो काढलात, तर दोन्ही बाजूंनी काढा. तारीख आणि स्टेशनचं नाव लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणाचा तरी मामा ते इंजिन रंगवायला बसलेला असेल.

चला, भेटू पुढच्या भागात!