रात्रशाळेची सही

आजीच्या पेटीत घडी घातलेला एक कागद आहे. शाई पुसट झाली आहे, पण खालची सही अजून वाचता येते. ती माझ्या पणजोबांची. अक्षरं वाकडी, शेवटची वेलांटी रेघेबाहेर गेलेली. आजी तो कागद नेहमी दोन्ही हातांनी उघडते. "माह्या बापाची पयली सही हाये थे," ती सांगते. "त्याच्या अगोदर अंगठाच होता."

पणजोबा एम्प्रेस मिलच्या सूतखात्यात होते. जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू केलेली ही गिरणी. तिच्या भोंग्यावर आमच्या घरची चूल पेटायची. पण पगार हातात पडायच्या आधी सावकार दारात उभा असे, आणि कागदावर किती लिहिलं आहे हे वाचणारं घरात कोणीच नव्हतं.

1920 च्या दशकात गिरणीने कामगार वस्त्यांमधलं काम वायएमसीएकडे, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेकडे सोपवलं. पाळी सुटली की वस्तीत कंदील लागायचा आणि रात्रशाळा भरायची. पणजोबांचे मास्तर दिवसभर नोकरी करून सायकलवर यायचे. पहिल्या रात्री त्यांनी पाटी दिलीच नाही. सावकाराचा कागद आणायला सांगितला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून तो वाचून दाखवला. पणजोबा त्या रात्री जेवले नाहीत. पुढे मात्र त्यांनी एकही रात्र चुकवली नाही.

मी एकदा आजीला विचारलं, "ते लोक धर्म सांगायचे का?"

"सांगत असतीन. आमाले त पाढे सांगतले."

रात्रशाळेच्या त्याच काळात गिरणीने इंदोऱ्याला सरकारकडून सुमारे 200 एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन कामगारांची वसाहत वसवायला घेतली होती. रुंद रस्ते, नाल्या आणि हप्त्याने फेडायचं घर. पेटीतला कागद त्याच घराचा. मास्तर शेजारी बसून होते. पणजोबांनी तो आधी स्वतः वाचला आणि मग सही केली. पुढे ओट्यावर बसवून आजीलाही त्यांनीच अक्षरं गिरवायला लावली. मुलींच्या शाळेत पाठवण्याइतकी ऐपत नव्हती. रात्री शिकलेलं तेवढं त्यांच्याजवळ होतं.

इंदोऱ्याला लागूनच मेकोसाबाग. या नावाचा अर्थ मला फार उशिरा कळला. दक्षिण आशियातल्या मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून ते झालं, असं जुनी माणसं सांगतात. तिथल्या बायांशी आजीच्या आईचं येणंजाणं होतं. एकदा बाळंतपण अडलं तेव्हा त्यांच्यातल्याच एकीने तिला सीताबर्डीच्या म्यूर मेमोरियलला नेलं. स्कॉटिश मिशनचं बायांसाठीचं ते जुनं हॉस्पिटल. ती बाई रात्रभर व्हरांड्यात बसून होती.

14 ऑक्टोबर 1956. बाबासाहेबांकडून दीक्षा घ्यायला आमचं सगळं घर पांढरी वस्त्रं नेसून निघालं. आजीचं तान्हं बाळ तापाने फणफणलेलं. मेकोसाबागेतली ती बाई आता म्हातारी झाली होती. तिने बाळ मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "जा तुमी. पुन्हा असा दिवस येनार नाई." आजी संध्याकाळी बौद्ध होऊन परतली तेव्हा बाळाचा ताप उतरला होता, आणि म्हातारी तशीच बसून त्याला पंख्याने वारा घालत होती. ही गोष्ट सांगताना आजी दरवेळी इथे थांबते.

गिरणी पुढे बंद पडली. भोंगा गेला, रोजगार गेला, वस्तीतली पुष्कळ घरं रोजंदारीवर आली. 2020 च्या टाळेबंदीत तीही मिळेना. तेव्हा एका दुपारी चर्चची चार पोरं शिध्याच्या पिशव्या घेऊन आमच्या गल्लीत आली. तोंडावर मास्क, हातात नोंदवही. आजीचं वय पाहून एकाने शाईचा डबा तिच्यापुढे धरला.

आजीने तो हळूच बाजूला सारला. "पेन दे बाबू."

उंबरठ्यावर बसून, वही गुडघ्यावर ठेवून तिने सही केली. अक्षरं वाकडी, शेवटची वेलांटी रेघेबाहेर गेलेली.

मग वर पाहून म्हणाली, "तुमच्याच एका मास्तरानं शिकवलं होतं हे, माह्या बापाले."