बॉर्डन आणि बडोद्याची ग्रंथालय-चळवळ

ग्रंथपालाचे कर्तृत्व बहुधा त्याने जमविलेल्या ग्रंथसंख्येवरून किंवा त्याने रचलेल्या वर्गीकरणपद्धतीवरून मोजले जाते. बडोदे संस्थानात ग्रंथालय-खात्याची घडी बसविणारे अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन (१८५३–१९३१) यांच्या बाबतीत हे माप अपुरे पडते. त्यांची बडोद्यातील कारकीर्द १९१० ते १९१३ अशी अवघी तीन वर्षांची होती. एवढ्या अल्पावधीत लावलेले रोप ते निघून गेल्यावरही वाढत का राहिले, हाच खरा विचारणीय प्रश्न होय.

या चळवळीचे मूळ शिक्षणविषयक धोरणात आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ साली जन्मलेल्या तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व पुढे तो संस्थानभर लागू केला. परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक न राहिल्यास साक्षरता टिकत नाही. मोतीभाई अमीन यांनी १९०६ पासून गावोगाव वाचनालये काढण्याचा उद्योग आरंभिला होताच. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी या विखुरलेल्या प्रयत्नांना शास्त्रीय अधिष्ठान देण्यासाठी बॉर्डन यांना पाचारण केले.

बॉर्डन यांनी बोस्टन अथेनियममध्ये चार्ल्स कटर यांच्या हाताखाली काम केले होते. मेल्व्हिल ड्यूई यांनी कोलंबिया महाविद्यालयात १८८७ साली सुरू केलेल्या ग्रंथपालनाच्या शाळेतही त्यांनी अध्यापन केले होते. बडोद्यात त्यांनी कटर व ड्यूई या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून वर्गीकरण सिद्ध केले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाच्या मुळाशी होते. या ग्रंथालयाभोवती गावोगावच्या ग्रंथालयांचे व पुस्तकांच्या फिरत्या पेट्यांचे जाळे विणले गेले. ग्रामग्रंथालयांच्या खर्चाचा वाटा गावकरी, स्थानिक मंडळ आणि संस्थान यांनी समप्रमाणात उचलावा, अशी योजना होती. त्यामुळे ग्रंथालय हे केवळ सरकारी देणगी न राहता गावाची मालमत्ता झाले.

तथापि सर्वांत दूरगामी ठरला तो १९११ चा प्रशिक्षणवर्ग. लाहोरला असा वर्ग १९१५ मध्ये निघाला, मद्रासला तर १९२९ मध्ये. पुढे १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून निघू लागले. भाषिक दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. एखादे शास्त्र परभाषेतच बोलत राहिले, तर ते तज्ज्ञांपुरते उरते. देशी भाषेत बोलू लागले, म्हणजेच ते समाजात उतरू शकते. बॉर्डन परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर व त्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी धुरा वाहिली, त्याचे कारण हेच. बॉर्डन यांनी मागे वारसदार ठेवले होते.

या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. बॉर्डन ज्या वर्षी बडोदे सोडून गेले, त्याच १९१३ साली भीमराव आंबेडकर हे बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. संस्थानच्या नोकरीसाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास परतले, तेव्हा अस्पृश्यतेमुळे त्यांना त्या नगरात राहावयास जागा मिळाली नाही. पुस्तकाचे कपाट खुले झाले, म्हणून घराचे दार उघडतेच असे नाही, हे यावरून कळून येते. पुढे त्याच आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय होय. उच्च शिक्षणाला पारख्या असलेल्या मराठवाड्यातील दलित तरुणांना त्यामुळे ज्ञानाचे दार खुले झाले.

मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना तेथे १९५५ मध्ये ग्रंथालय-कायदा झाला, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. बडोद्यात जे राजाच्या इच्छेने घडले, ते अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आले. परंतु कायदा ग्रंथालय उभारू शकतो, ग्रंथपाल घडवू शकत नाही. त्यासाठी शिकविणारा लागतो. बॉर्डन यांचा खरा वारसा त्यांच्या वर्गीकरणाच्या कोष्टकांत नव्हे, तर १९११ च्या त्या वर्गात शोधावा लागेल.