मोर्तबाची मुदत

श्रोतेहो, मराठेशाहीतला एखादा जुना कागद आपण पाहिला असेल, तर त्याच्या माथ्यावरचा शिक्का आणि शेवटचे मोर्तब ही दोन्ही आपल्या ध्यानात असतील. हुकूम कोणाचा हे शिक्का सांगे. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी अक्षर घुसडले असेल तर ते बनावट समजावे, हे मोर्तब सांगे. आजचा विषय संगणकाच्या युगातला आहे खरा, पण त्यातला पेच हाच आहे. आपण गावात बसून मोबाइलवर सातबारा पाहतो, बँकेतली शिल्लक पाहतो. पलीकडे उत्तर देणारे जे यंत्र असते, ज्याला सर्व्हर म्हणतात, ते खरोखर त्या बँकेचे आहे की वाटेत कोणी तोतया बसला आहे, हे आपल्या हातातल्या यंत्राने ओळखायचे कसे?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात १९७६ साली झाली. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी किल्ल्यांची जोडी असावी अशी कल्पना मांडली. एक किल्ली जगजाहीर करायची, दुसरी धन्याने स्वतःपाशी लपवून ठेवायची. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी ती मूळ संख्यांच्या आधाराने प्रत्यक्षात आणली. शिक्षकबंधूंना हे फळ्यावर सहज दाखवता येईल. ८९ आणि ९७ यांचा गुणाकार ८६३३ हे कोणताही मुलगा काढील. पण नुसते ८६३३ देऊन मूळच्या दोन संख्या विचारा, म्हणजे वर्ग गप्प होतो. आता त्या संख्या शेकडो अंकी आहेत असे समजा. मग खासगी किल्ली चोरण्यावाचून चोराला दुसरा मार्ग उरत नाही. पुढे ज्या फजित्या झाल्या त्यांतल्या पुष्कळशा या चोरीच्या आणि हलगर्जीपणाच्याच आहेत. गणित बिचारे आपल्या जागी बिनचूक राहिले.

बरे, जाहीर किल्ली अमक्याचीच आहे याला साक्षीदार कोण? १९७८ साली एमआयटी या विद्यापीठात लॉरेन कोनफेल्डर नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात सुचवले की विश्वासातल्या संस्थेने तसा सही केलेला दाखला द्यावा. हेच ते सर्टिफिकेट, म्हणजे प्रमाणपत्र. १९९५ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये ही पद्धत आणली आणि १९९९ साली तिला टीएलएस हे नाव मिळाले. प्रमाणपत्राला मुदत घातलेली असते. मुदत संपली की ब्राउझर आपल्याला उंबऱ्यावरच अडवतो.

आरंभी हा कारभार हाताने चाले. कारकून वर्षा-दोन वर्षांनी पैसे भरून दाखला आणी, तो यंत्रात बसवी आणि पुढची तारीख वहीत टिपून ठेवी. सर्व्हर एक असेल तोवर हे ठीक. शंभर झाले की वही हरवते, कारकून बदलून जातो.

साक्षीदारच फुटला तर काय होते, हे २०११ साली नेदरलँड्समध्ये दिसले. बेव्हरवाइक गावी डिजिनोटार नावाची दाखले देणारी कंपनी होती. डच सरकारचीही तिच्यावर भिस्त होती. त्या उन्हाळ्यात कोणी तिच्या यंत्रांत शिरले आणि पाचशेहून अधिक खोटे दाखले काढून घेऊन गेले. त्यांत गूगलच्या नावाचाही एक होता. तो दाखवून इराणमधील सुमारे तीन लाख ठिकाणांहून होणारा पत्रव्यवहार वाटेत अडवला गेला, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे. कंपनीला चोरी आधी कळली होती. तिने ती झाकली! ऑगस्टअखेर इराणमधल्याच एका माणसाला ब्राउझरने इशारा दिला, त्याने बोभाटा केला आणि प्रकार बाहेर आला. सप्टेंबरात सरकारने कारभार हाती घेतला आणि त्याच महिन्यात कंपनीचे दिवाळे निघाले. या इतिहासात मला सर्वांत गंभीर वाटते ती ही लपवाछपवी. चोरी कोणाच्याही घरी होते. पण जिचा धंदाच साक्षीचा, तिने गप्प बसावे याला काय म्हणावे? आपल्याकडेही २०१४ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अखत्यारीतून गूगलच्या नावाचे अनधिकृत दाखले निघाल्याचे उघड झाले आणि ते रद्द करावे लागले.

त्याच २०१४ च्या एप्रिलात हार्टब्लीड नावाचा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत तो दोन वर्षे लपून होता. दूरच्या माणसाने युक्तीने विचारले की सर्व्हर आपल्या स्मरणातला चौसष्ट किलोबाइटपर्यंतचा तुकडा बिनदिक्कत देऊन टाकी, आणि त्या तुकड्यात खासगी किल्लीही येऊ शके. तेव्हा जगभर किल्ल्या बदलण्याची धांदल उडाली. काही शहाण्यांनी नवा दाखला घेतला, पण किल्ली जुनीच ठेवली. म्हणजे कुलूप बदलल्याची पावती फाडली, इतकेच.

अशा वेळी उपयोगी पडली ती यंत्रांना एकदाच हुकूम लिहून ठेवण्याची पद्धत. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ साली सीएफइंजिन तयार केले होते. २००५ साली पपेट आले, २०१२ साली ॲन्सिबल. यांत 'हे कर, मग ते कर' असे सांगण्यापेक्षा अखेरची स्थिती लिहून द्यायची असते. दाखला अमक्या जागी असावा, किल्ली धन्याखेरीज कोणाला वाचता येऊ नये, दाखला बदलला तर सेवा पुन्हा चालू करावी. मग एक सर्व्हर असो की हजार, यंत्र पुन्हा पुन्हा पडताळून पाहते आणि जिथे फरक दिसेल तिथे दुरुस्त करते.

पण इथेही एक खोच आहे बरं का. हे लेखी हुकूम सर्वांना वाचता येतील अशा सामाईक दप्तरात ठेवलेले असतात. घाईत कोणी खासगी किल्लीही तिथेच ठेवली, तर ज्याला दप्तर वाचता येते त्या प्रत्येकाच्या हाती राजमुद्रा गेली. नंतर ती खोडून भागत नाही, कारण दप्तरात जुन्या प्रतीही राहतात. म्हणून चांगली रीत अशी की किल्ली त्या सर्व्हरवरच घडवावी, तिने तिथून हलू नये, आणि दाखल्यासाठी फक्त अर्ज बाहेर पाठवावा. पपेट आपल्या हाताखालच्या यंत्रांना ओळखण्यासाठी नेमके हेच करते. किल्ली पाठवावीच लागली, तर ती कुलूपबंद करून पाठवावी. ॲन्सिबलमध्ये त्यासाठी व्हॉल्ट नावाची तिजोरी आहे. याच्या उलट प्रकार २०१८ च्या फेब्रुवारीत घडला. ट्रस्टिको या दाखले विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीने गिऱ्हाइकांच्या तेवीस हजार खासगी किल्ल्या चक्क ईमेलने धाडून दिल्या. गिऱ्हाइकांच्या किल्ल्या विक्रेत्यापाशी होत्याच कशाला, हा प्रश्न साऱ्या जगाने विचारला.

२०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सर्वांसाठी खुली झाली. तिचा दाखला फुकट, पण मुदत नव्वद दिवसांची. सर्व्हरवर ठरावीक जागी एक खूण ठेवायची, संस्थेचे यंत्र येऊन ती पाहते आणि दाखला देते. मध्ये माणूस नाही. मुदत आखूड ठेवली ती मुद्दाम, म्हणजे चोरीला गेलेली किल्ली फार काळ चालू नये आणि नूतनीकरण यंत्रावर सोपवण्यावाचून गत्यंतर राहू नये.

यंत्राचेही अजब असते. २०१२ च्या २९ फेब्रुवारीला मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेतील यंत्रांनी एक वर्षाचा दाखला काढताना सालात एक मिळवला आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख लिहिली. असा दिवसच पंचांगात नाही! सेवा कोलमडली. आणि जिथे मुदतीकडे कोणाचेच लक्ष नव्हते, तिथे ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सन कंपनीच्या प्रणालीतला एक दाखला कालबाह्य झाला. ब्रिटनमधील ओटू कंपनीच्या सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट बंद पडले आणि लंडनच्या बसथांब्यांवरच्या वेळा दाखवणाऱ्या पाट्याही मुक्या झाल्या.

आता मुदत आणखी आखडत चालली आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून ती ३९८ दिवस ठरली होती. २०२५ च्या एप्रिलात दाखले देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या मंडळाने पुढचे टप्पे ठरवले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, पुढच्या वर्षी त्याच तारखेपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. ज्या कचेऱ्यांत हे काम अजून वहीवर आणि कारकुनाच्या आठवणीवर चालते, त्यांना एका सर्व्हरसाठी वर्षातून निदान आठ वेळा ते करावे लागेल.